मदत हवी आहे: पालिकेच्या गटाराचा उतार उलटा, हमीचा काळ कधीपासून मोजतात?

उत्तर गोव्यातील एका पालिकेने आमच्या वाड्यावर गेल्या उन्हाळ्यात साधारण 80 मीटर काँक्रीट गटार बांधलं. रुंदी 45 सेंमी, वर सुट्या लाद्या. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, तर शेवटच्या 25 मीटरांत तळ ओहोळाकडे उतरायचा सोडून 6 सेंमी चढतो. 200 मीटरला 1 मीटर एवढा उतार धरला तरी 80 मीटरांत एकूण 40 सेंमी उतरायला हवा होता. गाळ काढून झाला, पाणी तुंबतंच. उतारच उलटा असेल तर गाळ काढणं म्हणजे दरवर्षीचं नवं बिल.

रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा नाही, पालिकेचाच. खात्री केली आहे. मुख्याधिकाऱ्यांना फोटो आणि मोजमापांसह अर्ज दिला, आवक शिक्का घेतलेली प्रत आहे. नगरसेवकांनाही जागा दाखवली. अभियंता विभाग तोंडी म्हणतो, "ठेकेदाराकडून करून घेऊ." लेखी काही नाही. माहिती अधिकारात कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) मिळाला, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ते) प्रत मात्र आली नाही. त्यावर पहिलं अपील करतोय.

कार्यादेशात दोष दुरुस्तीची हमी 'काम पूर्ण झाल्यापासून 12 महिने' आहे, पण पूर्णत्वाचा दाखला फाईलमध्ये नाही. मुदत संपत आलीय, त्यामुळे "पावसाळ्यानंतर बघा" हा सल्ला उपयोगाचा नाही.

पालिकेची कामं हाताळलेल्यांनी सांगावं: दाखला नसेल तर ही मुदत मोजमाप पुस्तकातल्या शेवटच्या नोंदीपासून धरतात की अंतिम बिलापासून? आणि ठेकेदाराची अनामत रक्कम सुटू नये म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडेच पुरे, की नगरपालिका प्रशासन संचालनालयालाही प्रत द्यावी?