वाळूवरच्या वळ्या आणि पाण्यातले भोवरे
लाटांचे पाणी पुढेमागे घासल्यानेच वाळूवर वळ्या उमटतात, असे एक मत आहे; त्याला एक जोड द्यावीशी वाटते. पाणी वळीचा माथा ओलांडते तेव्हा तळालगतचा प्रवाह वाळूपासून सुटतो आणि पलीकडच्या उतारावर भोवरा तयार होतो. त्याच्या बुडाशी पाणी मुख्य प्रवाहाच्या उलट, माथ्याकडे वाहते आणि खाचेतले कण वर चढवते. म्हणजे वळी उंच होते ती भोवऱ्यामुळे. प्रवाह उलटला की तोच भोवरा माथ्यावरून वर फेकला जातो आणि सोबत वाळूचा लहानसा ढग उचलतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हर्था आयर्टन यांनी १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे भोवऱ्यांची ही भूमिका मांडली. पाण्याच्या टाक्या झुलवून केलेली त्यांची निरीक्षणे मला विलक्षण वाटतात.