लांड्सहूटचं लग्न आणि गावचा डीजे: आमच्या फॅमिली ग्रुपवरून

नाना काका: गावच्या शिवजयंतीचा यंदाचा खर्च पाहिला. डीजे आणि एलईडी भिंत यातच निम्मे पैसे गेले. शाहिरांना मात्र 'मानधनाचं नंतर बघू'. पोरं म्हणतात आवाज नसेल तर गर्दी होत नाही.

ताई (जर्मनी): नाना, हे एकदा इकडे येऊन बघाच. पुढचं लग्न २०२७ च्या उन्हाळ्यात आहे.

मोठी आत्या: कोणाचं लग्न गं?? मला कोणी सांगितलं नाही

ताई (जर्मनी): आत्या, १४७५ सालचं 😄 आमच्या लांड्सहूट शहरातलं, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातलं. बव्हेरियाच्या ड्यूकचा मुलगा गेओर्ग आणि पोलंडच्या राजाची मुलगी हेडविग. खुद्द सम्राट फ्रेडरिक तिसरा वऱ्हाडात होता. गावातल्या लोकांनी संस्था काढून १९०३ पासून त्याची मिरवणूक सुरू केली. आता दर चार वर्षांनी असते, फक्त २०२१ ची कोरोनामुळे २०२३ वर गेली. तीच मी पाहिली.

बंटी: तू व्हिडिओ टाकला होतास तोच ना, लांब केसवाले लोक

ताई (जर्मनी): तोच. दोन हजारांच्या वर माणसं वेशात असतात आणि ती सगळी इथलीच, भाड्याने आणलेली नाहीत. विग चालत नाही, म्हणून पुरुष आधीपासून केस वाढवतात. चष्मा नाही, घड्याळ नाही. आमच्या बेकरीवाल्याचे केस खांद्यापर्यंत आले की समजायचं, साल आलं.

वहिनी: चष्मा नाही म्हणजे ह्यांना तर खांबावरच आदळावं लागेल

नाना काका: वेशभूषा ठीक. संगीताचं सांग.

ताई (जर्मनी): तेच तर सांगायचंय. मिरवणुकीत मला तरी कुठे स्पीकर दिसला नाही. कर्णे, ढोल, बासऱ्या, मशकवाद्य (बॅगपाइप), आणि शॉम नावाचं एक वाद्य, दुहेरी पत्तीचं. नाना, ते थेट आपल्या सनईच्या घराण्यातलं! अरुंद जुन्या रस्त्यात दोन्हीकडे उंच घरं, आवाज भिंतींवरून परत येतो. आधी लांबून कर्णा ऐकू येतो, मग मान वळते, मग वादक दिसतात. पथक पुढे गेलं की आवाजही त्याच्याबरोबर जातो आणि पुढच्याचा सुरू होतो. दोन तास उभी होते, कान दुखले नाहीत. शेजारी कोण काय म्हणतंय तेही ऐकू येत होतं.

ताई (जर्मनी): आणि मधूनमधून मिरवणुकीतले लोक ओरडतात 'हिमेल लांड्सहूट!', दुसरे म्हणतात 'टाउझंट लांड्सहूट!' आणि सगळा रस्ता 'हालो!' करतो. आपल्याकडे गजर देतात तसंच. तेव्हा मात्र कानठळ्या बसतात, पण त्या माणसांच्या आवाजाने.

मोठी आत्या: नाटक पण असतं का, की नुसती मिरवणूक

ताई (जर्मनी): टाऊन हॉलच्या दालनात नाटक होतं, मैदानावर घोडेस्वारांचे खेळ. पण मला रस्त्यातलं जास्त आवडलं. विदूषक, डोंबारी, झेंडे हवेत फेकून झेलणारे. एक विदूषक माझ्या पिशवीत डोकावून काहीतरी जुन्या बोलीत बोलला. मला एक शब्द कळला नाही, हसू मात्र आलं.

नाना काका: बरं, आता जरा कडू बोलतो. या लग्नाचं पुढे काय झालं तेही सांग ना. गेओर्गचे मुलगे जगले नाहीत. घराण्याचा करार डावलून त्याने मुलगी-जावयाच्या नावे राज्य लिहून दिलं आणि १५०४-०५ मध्ये भाऊबंदकीची लढाई पेटून मुलूख उद्ध्वस्त झाला. ती हेडविग तर बुर्गहाउझेनच्या किल्ल्यात राहून १५०२ मध्येच वारली. उत्सवात हे येतं का?

ताई (जर्मनी): नाही येत. उत्सव लग्नापाशीच थांबतो. मलाही ते खटकतं.

आई: कोणत्याही लग्नाची सीडी लग्नापर्यंतच असते 🙏

वहिनी: 😂😂 आई!!

नाना काका: निकाल लागला. पण एक गोष्ट मानली पाहिजे, त्यांनी कागदपत्रं वापरली आहेत. त्या काळच्या लेखनिकांनी खर्चाच्या नोंदी ठेवल्या. ३२३ बैल, ४०,००० कोंबड्या, अंडी १,९४,३४५! सुट्टी पाच अंडीसुद्धा सोडलेली नाहीत.

मोठी आत्या: शिव शिव. आणि आम्ही शाकाहारी

बंटी: नाना, आपल्याकडे अशी नोंद आहे का कुठल्या सोहळ्याची?

नाना काका: आहे की! ६ जून १६७४, रायगड. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलंय. लांड्सहूटनंतर बरोबर १९९ वर्षं. तो आला होता व्यापाराच्या सवलती मागायला, म्हणजे पात्र तयारच आहे. एसटी स्टँडपाशी ऑक्झेंडन उतरतो, दुभाषा शोधतो, लोकांना वाट विचारतो. पेठेत पोचेपर्यंत त्याला काय दिसतं ते सगळं नाटक. चौकात शाहीर डफावर तोच प्रसंग उचलतो, झीलकरी 'जी जी रं जी' धरतात.

बंटी: मी ऑक्झेंडन!! इंग्रजीही येतं

वहिनी: तुझं इंग्रजी ऐकून तो परत मुंबईला जाईल

ताई (जर्मनी): नाना, हे भारी आहे. फक्त दोन चौकांचे शाहीर एकाच वेळी गाऊ नयेत. इथे दोन पथकांत मुद्दाम अंतर ठेवतात, नाहीतर नुसता गोंगाट.

नाना काका: आणि डीजेचं? मंडळाचा अध्यक्ष ऐकणार नाही.

आई: त्याला घोड्यावर बसवा. पुढे तुतारी असली की स्पीकर मागणार नाही.

नाना काका: हे चालेल. तो वर्षभर घोड्याचाच विचार करतो.

मोठी आत्या: मला उभं राहवत नाही गुडघ्यांमुळे. तिकडे बसायला जागा मिळते का?

ताई (जर्मनी): मिरवणुकीला तिकीट घेऊन बसायच्या जागा असतात, पण लवकर संपतात. म्युनिकहून रेल्वेने तासाच्या आत पोचता. राहायला माझ्याकडे चार जण मावतील, बाकीच्यांना खोली बघावी लागेल. कोण कोण येणार ते रविवारपर्यंत इथेच लिहा. पासपोर्टची मुदत आधी तपासा, नाना तुमची खास करून.