दाव्याला पैसा पुरवून वाटा घेणाऱ्याला काय म्हणावं?

मेघवाट: अमेरिकेतल्या 'लिटिगेशन ट्रान्सपरन्सी ॲक्ट' या विधेयकावर लिहितेय. डॅरेल इसा यांनी ते २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलं. केंद्रीय न्यायालयातल्या दिवाणी दाव्याच्या निकालावर कुणा तिऱ्हाइताला पैसे मिळणार असतील, तर त्याचं नाव आणि करार उघड करा, असं त्यात आहे. या तिऱ्हाइताला मी 'दाव्याचा सावकार' म्हटलं. संपादकांनी 'खटला-वित्तपुरवठादार' केलं. मला रुचत नाही.

कडूकवठ: सावकार नकोच. दावा हरलात तरी सावकार मुद्दल सोडत नाही. हा मात्र दावा हरलात तर पैसे सोडून देतो, जिंकलात तर हिस्सा घेतो. 'वाटेकरी' म्हणा.

जुनी_तारीख: आधी 'खटला' काढा. दिवाणीत दावा, फौजदारीत खटला. कोर्टात कारकुनी केलीय, हा घोळ बघवत नाही.

रानजाई: आमच्या गावात 'जमिनीचा खटला' असंच म्हणतात. आजी तर कुटुंबालाही खटलं म्हणायची, "एवढं खटलं सांभाळायचं मला." तिला चूक ठरवणार?

जुनी_तारीख: आजींना नाही. कायद्यावर लिहिणाऱ्याला, हो.

कडूकवठ: वाटेकरीला आधार आहे. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून निकालातला वाटा घेणं, याला इंग्रजी कायद्यात 'शॅम्पर्टी' म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन 'काम्पी पार्स', म्हणजे शेतातला वाटा. आपली अर्धेलीच, दुसऱ्याचं शेत अर्ध्या पिकाच्या वाट्यानं करणं! इंग्लंडात अशा करारांना मनाई होती. ती भारतात जशीच्या तशी लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, १८७६ मध्ये सांगितलं.

रानजाई: अर्धेलीनं शेत करणारा उन्हात राबतो. माझे आजोबा राबले. त्यांच्या पंक्तीला पैसेवाल्याला बसवू नका.

मेघवाट: आपल्याकडे असा पैसा पुरवणाऱ्याला काही शब्द?

जुनी_तारीख: शब्द माहीत नाही, तरतूद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ ला महाराष्ट्रात दुरुस्ती आहे. पैसा पुरवणाऱ्याला कोर्ट दाव्यात पक्षकार करून खर्चाचं तारण मागू शकतं.

शुद्धमती: 'दिवाणी' फारसीतून आलेला. 'नागरी' लिहा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

जुनी_तारीख: 'नागरी दावा' म्हटलं तर पक्षकाराला नगरपालिकेचं काम वाटेल. आणि 'दावा' तरी कुठला? अरबीच. वकीलसुद्धा.

रानजाई: दावा म्हणजे गुरांचं दावं ना? दोन्ही पक्ष एका खुंट्याला बांधलेले. मला तेच मूळ वाटतं.

शुद्धमती: दावं संस्कृत 'दामन्'पासून. दाव्याशी नातं नाही.

मेघवाट: उद्या लेख द्यायचाय. वाटेकरी ठेवू का?

रानजाई: दामन्चं दावं कसं झालं, ते आधी सांगा.