कोरा कागद बघून हात थरथरतो? जलरंगाचे अनुभव सांगा

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सात-आठ जण कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर बसून जलरंगात खेळतो. ‘खेळतो’ मुद्दाम म्हणतेय. क्लास नाही, फी नाही, चित्र दाखवायची सक्ती नाही. तरी नवा माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं: “मला चित्र येत नाही हं, नुसता बघायला आलोय.” म्हणून हा धागा. नेमकी कशाची भीती वाटली, पहिल्या कागदाचं काय झालं, ते लिहा. भीती गेली नसेल तर तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राला मी बसस्टॉप काढला होता. रंगवताना एका बाईच्या साडीचा लाल शेजारच्या काकांच्या धोतरात उतरला. पुसायला गेले तर कागदाला भोक. पुढची 26 वर्षं ब्रशला हात लावला नाही. आता तोच अपघात मी मुद्दाम घडवते. ओल्या निळ्याला ओला लाल टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. मधला जांभळा आपल्याला करावाच लागत नाही.

खतावणी

राजारामपुरी, बँकेतून निवृत्त. मुलीनं वाढदिवसाला 300 जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाडजूड, सुती कागदाचं शीट आणलं. चार महिने कपाटात, कारण एवढ्या भारी कागदावर आपल्या रेघोट्या कशाला? शेवटी एक मित्र आला, त्यानं ते 22 बाय 30 इंचाचं शीट तीनदा दुमडून फाडलं. आठ तुकडे. माझ्या पोटात कालवलं, पण खरं सांगतो, तुकड्याची भीती वाटत नाही.

पहिल्या तुकड्यावर फक्त निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एक थर, वर गडद आणि खाली पाणी वाढवत फिकट. वाळत आला तेव्हा एक फट दिसली, म्हणून ओला ब्रश टेकवला, तर तिथं हा एवढा फुलकोबीसारखा डाग! खतावणीत खाडाखोड झाली की शेजारी सही करायची आमची सवय. इथं सही कुठं करू? मित्र म्हणाला, “त्याला ढग म्हण.” पुढचे दोन तुकडेही ढगातच गेले, तेव्हा लक्षात आलं. वॉश पूर्ण ओला असेल तर रंग घाला, पूर्ण वाळला असेल तरी घाला. मधल्या वेळात उठून चहा करायला जायचं.

मीठमिरची

माझी भीतीही कागदाचीच, पण उलटी. पोराच्या शाळेच्या चित्रकला वहीत सुरुवात केली. पाणी लागलं की पान पापडासारखं वर यायचं, रंग खळग्यात साचायचा. वाटायचं, आपलाच हात जड. एका रविवारी कुणीतरी जलरंगाच्या जाड कागदाचा तुकडा दिला आणि त्याच हातानं, त्याच रंगानं वॉश सरळ उतरला. नवख्याला सगळे सांगतात, “साधा कागद घे, वाया जाईल.” उलट सांगायला हवं. रंग विद्यार्थ्यांचे चालतात, एकच जाड गोल ब्रश पुरतो, कागदावर मात्र पैसे वाचवू नका.

मी मंगळवार पेठेतल्या घरी ओट्यावरच रंगवते, त्यामुळे मिठाचा प्रयोग ओघानं आलाच. निळ्या वॉशची चकाकी उतरू लागली की वरून मीठ भुरभुरायचं. मीठ भोवतीचं पाणी ओढतं, रंग सरकतो आणि चांदण्या उमटतात. फार ओल्यात टाकलं तर नुसतं विरघळतं, वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. बारीक मिठाच्या चांदण्या बारीक, खडेमिठाच्या मोठ्या. सासूबाई मागून बघत होत्या. “रंगाला मीठ लावालीस व्हय? थांब, मी टाकतो.” (आमच्याकडे बायका ‘टाकतो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी हसू नये.) त्यांनी मूठभर टाकलं. ते आम्ही नीट झाडलं नाही, त्यामुळे दर जुलैत त्या आकाशाला घाम फुटतो.

फौंड्रीवाला

शिरोलीत कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग तपासतो. दिवसभर हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर, जरा चुकलं की माल परत. त्यामुळं चित्रात पण घरं पट्टीनं काढायचो. धागावाल्या ताईंनी पट्टी काढून घेतली. म्हणाल्या, आज काही काढायचं न्हाई. नुसते आठ डाग पाड, वाळू दे, मग काळ्या पेननं त्यात काय दिसतंय ते शोध. पहिल्या डागात म्हैस दिसली. दोन शिंगं, शेपूट, झाली म्हैस. दुसऱ्यात बी म्हैसच. आठच्या आठ म्हशी, पंचगंगेवर धुवायला आणल्यागत. नाद खुळा! आता पोरगी रोज संध्याकाळी म्हणती, बाबा डाग पाडा.

निवृत्त कलाशिक्षक

वरचे अनुभव वाचून थोडं अपराधी वाटलं. मी 30 वर्षं मुलांना सांगत आलो, “रेषेबाहेर रंग जाता कामा नये.” धागाकर्तीचे काका आणि त्यांचं धोतर माझ्यासारख्याच कुणीतरी परीक्षेत तपासलं असणार.

पण एक समज खोडायला हवा. सैल रंगवणं म्हणजे कसंही फासणं नव्हे. आपल्या गावात चित्रकार आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले आणि 1931 मध्ये इथेच वारले. रंकाळा, कोटितीर्थ तलाव, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. आपली कितीतरी चित्रं त्यांनी कोटितीर्थात सोडून दिली, अशी आख्यायिका गावात सांगतात. खरीखोटी असो, चार तुकडे वाया गेले म्हणून रडणाऱ्याला मी ती ऐकवतो. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे, तिथली निसर्गचित्रं आधी अगदी जवळून बघा, मग चार पावलं मागे सरका.

नवख्यांचं चित्र बिघडतं ते बहुतेक पाण्याच्या हिशेबात. मी तीन दाटपणा सांगतो: चहा, दूध, काकवी. आकाश आणि लांबचे डोंगर चहासारख्या रंगात, मधली झाडं दुधासारख्या, जवळचे शेवटचे दोन-चार फटकारे काकवीसारखे. ओल्या चहात काकवी घातली तर ती जागेवर थांबते, कडा तेवढ्या मऊ होतात. ओल्या काकवीत चहा घातला की खतावणीकाकांचा फुलकोबी. शिवाय जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. काळ्या रंगाची ट्यूब मुलांना देऊन टाका. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळले की आपल्या पावसाळी आभाळाचा करडा मिळतो, तोही जिवंत.

गुपचूप

माझी भीती गेलेली नाही. तीन रविवार आले. रंगांची भीती नव्हतीच, माणसांची होती. फिरायला आलेला प्रत्येक जण थांबणार, वाकून बघणार आणि विचारणार, “काय काढालाय?” एका आजोबांनी तर रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचा मनोरा वाकडा आहे म्हणून माझ्याच ब्रशनं दाखवलं. आता घरी दार लावून रंगवते. आणि हो, ‘मजा महत्त्वाची’ हे सारखं ऐकून मजेचंसुद्धा दडपण येतं, त्याचं काय करायचं?

फौंड्रीवाला

ताई, मला विचारलं की मी म्हणतो “म्हैस.” काय बी असू दे. माणूस पुढं जातो.

इंटरमिजिएट_ए

माझं प्रकरण वेगळं आहे. मला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड. त्यामुळे घरात ‘आमची चित्रकार’. वाईट चित्र काढायची सोयच उरली नाही. पेन्सिलीत तासन्तास छायाभेद करायचे आणि रंग लावायची वेळ आली की वही बंद.

जूनमधल्या एका रविवारी मला अट घातली: पेन्सिल नाही, 12 नंबरचाच ब्रश, मोबाईलवर सात मिनिटांचा गजर. समोर शालिनी पॅलेस. खिडक्या काढायला तो ब्रश जाडच, म्हणून अख्खी इमारत एकाच करड्या आकारात टाकली, मनोऱ्यासकट. चौथ्या मिनिटाला भुरभुर सुरू झाली. सगळे छत्र्या उघडायला धावले, मी वेडीसारखी तशीच बसले, कारण गजर चालू होता. थेंब पडतील तिथं इमारतीत पांढरट ठिपके उमटले आणि खालची कड फुटून करडा रंग तळ्यात उतरला. प्रतिबिंब मी काढलंच नाही, ते पावसानं काढलं. घरी बाबांनी विचारलं, “पूर्ण कधी करणार?”

त्या दिवसापासून एक अडचण मात्र आहे. पावसाळ्यात कागद तासभर वाळतच नाही. हेअर ड्रायर चालतो का?

निवृत्त कलाशिक्षक

चालतो. पण आधी चकाकी जाऊ दे, मगच लाव, आणि वीतभर लांब धर. ओल्यावर धरलास तर वारा रंग ढकलत नेतो आणि कडेला रेघ साचते.

मीठमिरची

मी तवा पालथा घालून त्याच्या उबेवर धरते. सासूबाईंना सांगू नका.