प्रतिसाद: गडावर झाडं लावण्याआधी

वर सुचवलंय की या पावसाळ्यात ट्रेकर्सनी गडावर रोपं लावावीत. कळकळ पटते, पण तटाजवळ वड, पिंपळ, उंबर नकोतच. त्यांची मुळं सांध्यांत शिरून बुरूज फोडतात. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावरही लावू नका. कास पठार फुलतं ते तिथली माती पातळ आहे आणि झाडांची सावली नाही म्हणूनच.

श्रमदान करायचंच असेल तर टाक्यांचं करा. कातळात कोरलेली टाकी गाळानं भरली की पाणी साठतच नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलं की साखळी करून घमेल्यांनी गाळ उपसायचा. तो दरीत मात्र भिरकावू नका, त्यात खापरं, नाणी, कधी तोफगोळेही निघतात. काही दिसलं तर हात न लावता फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

परवानगी आधीच काढा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रातले आहेत, पण संरक्षित गड त्याहून कितीतरी जास्त आहेत, काही केंद्राकडे, काही राज्याकडे. तिथे स्वतःच्या मनानं दगडही हलवू नये. आणि ढासळता चिरा सिमेंटनं लिंपणं तर कधीच नाही! जुनं बांधकाम चुन्यातलं, सिमेंटनं ओल आत कोंडते आणि दगड पोखरला जातो.

तारीख ठरवण्याआधी पायथ्याच्या गावात एक चक्कर मारा. कुठल्या टाक्याचं पाणी अजून पिण्यात आहे, ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.