मदत हवी आहे: सारण भरलेली घरगुती चॉकलेटे किती दिवस टिकतात?

नुसते चॉकलेट महिनोन्महिने टिकते, कारण त्यात पाण्याचा अंश जेमतेम १ टक्का असतो. माझी अडचण आहे ती आतल्या सारणाची. ताज्या क्रीमचे गनाश (क्रीम आणि चॉकलेट एकत्र करून केलेले मऊ सारण) भरलेले एक चॉकलेट आठव्या दिवशी कापून पाहिले, तर तळाच्या बारीक चिरेतून सारण पाझरले होते आणि त्याला किंचित आंबूस वास येत होता. (उरलेली सगळी, जिवावर आले तरी, टाकून दिली.) भाजलेल्या बदामांची पेस्ट भरलेली त्याच दिवशीची चॉकलेटे मात्र अजून उत्तम आहेत. फ्रिजमध्ये ठेवली, तर बाहेर काढताच दव धरून वर साखरेचा पांढुरका थर येतो. तेव्हा क्रीम घटवून ग्लुकोज सिरप वाढवल्यास गनाश फ्रिजबाहेर २ आठवडे सुरक्षित राहील का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.