‘बांधकामाचे निम्मे नियम रद्द करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ओळंबा :
‘निम्मे नियम रद्द करा, घरं आपोआप स्वस्त होतील’ हे काल वाचलं आणि राहवेना. निम्मे म्हणजे नेमके कुठले? जपानने १९८१ साली भूकंपाचे निकष कडक केले. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात माणसांच्या अंगावर कोसळलेली बहुतेक घरं त्याआधीची होती. तुर्कस्तानने २०१८ मध्ये दंड भरून घेऊन बेकायदा बांधकामं नियमित केली आणि २०२३ च्या भूकंपात तिथे ५०,००० हून जास्त माणसं गेली. मी २२ वर्षं साइटवर आहे. कॉलमच्या उभ्या सळया बांधून धरणाऱ्या रिंगा लांब लांब टाकून लोखंड वाचवणारे पाहिलेत. एकदा काँक्रीट ओतलं की घेणाऱ्याला आतलं काय दिसणार?

उंबरठा :
तो धागा माझाच. भूकंपाच्या निकषांना हात लावा असं मी कुठे म्हटलं? आणि तुर्कस्तानातल्या सगळ्या मृत्यूंचं खापर त्या माफीवर फोडू नका. कागदावर तिथले नियम चांगलेच होते, पाळले जात नव्हते. आमचा नकाशा मंजुरीला गेलेला असताना नियम बदलला. ड्रॉइंग्ज पुन्हा, ८ महिने गेले. तोवर भाडंही भरलं, कर्जाचं व्याजही. घर तसूभरही मजबूत झालं नाही, कारण बदल पार्किंगच्या संख्येत होता!

चौथा मजला :
खरं दुखणं पार्किंगच. गाडी उभी करायला साडेबारा चौरस मीटर, येण्या-वळण्याची जागा धरली की दुप्पट. तो खर्च गाडी नसलेल्याच्याही फ्लॅटमध्ये चढतो. माझ्या आईने आयुष्यात गाडी घेतली नाही, जागेचे पैसे मात्र भरले. न्यूझीलंडने २०२० च्या धोरणात शहरांना किमान पार्किंगची अट काढायला लावली.

गच्ची :
मग गाड्या रस्त्यावर, आणि बंब अडकू दे? आमच्या गल्लीत अडकला होता. वडिलांना धुरातून खांद्यावर उतरवलंय मी. आकडे मला शिकवू नका.

चौथा मजला :
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण बंब अडवला तो रस्त्यावर फुकट गाडी लावू देणाऱ्यांनी. त्याची भरपाई आईने का करायची?

ओळंबा :
विषय कुठे नेलात! बरं, मंजुरीला गेलेल्या नकाशांना जुनाच नियम लावावा, हे मान्य. पार्किंगचंही थोडंफार पटलं. पण ‘निम्मे’ मागे घ्या.

उंबरठा :
‘निम्मे’ काढतो. ‘रद्द’ राहील.